एक इंच कमी पडलेली जाळी

एकतीस मे रविवारी आला म्हणून सगळे घरी सापडले. एरवी आईला एका मुलाकडून दुसऱ्या मुलाकडे न्यायला कोणीतरी एकच मोकळा असायचा, आणि तोही घड्याळाकडे बघत गादी उचलायचा.

नेणं म्हणजे तरी किती? बावीस पावलं. थोरल्याच्या मागच्या दारातून अंगणात उतरायचं, कमरेएवढी भिंत खेळघरापाशी येऊन थांबते तिथून वळसा घालायचा, आणि धाकट्याच्या मागच्या दारानं आत शिरायचं. खाटा दोन्हीकडे होत्या, पण गादी आईला स्वतःचीच लागे. गादी, कपड्यांची बॅग, औषधांचा डबा, रेडिओ. विषम महिने थोरल्याकडे, सम महिने धाकट्याकडे. यात थोरल्याच्या वाट्याला वर्षाचे एकशे चौऱ्याऐंशी दिवस येतात आणि धाकट्याच्या वाट्याला एकशे एक्याऐंशी, हे थोरल्या सुनेनं एकदा, फक्त एकदाच, बोलून दाखवलं होतं. त्यावर धाकट्यानं लीप वर्षाचा दाखला दिला होता आणि दोन्ही घरं पंधरा दिवस एकमेकांशी बोलली नव्हती.

आईला शहात्तरावं लागलं होतं. मला कुठेच काही कमी नाही, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, आणि ते खरंही होतं. फक्त आता तिला हलायचं नव्हतं. गेल्या काही महिन्यांपासून जाग आली की भिंत कुठल्या हाताला आहे ते पटकन आठवत नसे. दोनदा ती बाथरूमऐवजी कपाटासमोर जाऊन उभी राहिली होती आणि कपाटाची कडी शोधत बसली होती. पण हे सांगायचं कोणाला? सांगितलं की पहिला प्रश्न येणार, मग राहायचं कोणाकडे? एकाचं नाव घेतलं की दुसरा कायमचा दुखावणार. इकडे आड, तिकडे विहीर. म्हणून पाच महिने ती मूग गिळून बसली होती, आणि महिना संपला की शहाण्या मुलीसारखी बॅग भरत होती.

आजही बॅग भरून ओट्यावर ठेवली होती. ती स्वतः अंगणात खुर्ची टाकून बसली होती आणि समोर दोन्ही घरं मिळून खेळघरात शिरली होती. नऊ वर्षांत पहिल्यांदाच.

हे खेळघर तिच्या नवऱ्यानं बांधलेलं. तो ओतकामाच्या कारखान्यात साचे करणारा सुतार होता. तो लाकडाचा साचा करायचा, त्याचा वाळूत ठसा घ्यायचे, आणि त्या ठशात वितळलेलं लोखंड ओतायचे. साच्यांमधून उरलेलं लाकूड जमवून त्यानं मुलांसाठी आठ फूट बाय सहा फुटांचं घर केलं. दाराला खऱ्या बिजागऱ्या, दोन खिडक्या, उतरतं छप्पर. जमीन तेवढी मातीची ठेवली, पोरांना खणायला काहीतरी हवं म्हणून. पुढे तो गेला, मुलांचं पटेना, नऊ वर्षांपूर्वी घराची वाटणी झाली, आणि मधली रेघ नेमकी खेळघराच्या अंगावरून गेली. दार थोरल्याच्या हद्दीत, खिडक्या धाकट्याच्या. पाडायचं धाडस कोणाला झालं नाही आणि वापरायचं नाव कोणी काढलं नाही.

मग बुधवारी ससे आले. धाकटी सून शाळेच्या ऑफिसात काम करते. शाळेनं प्राण्यांचा कोपरा बंद केला तेव्हा कासवं एका शिक्षकानं नेली, पोपटांची दुसऱ्यानं सोय केली, आणि उरले दोन ससे. ते धाकटीच्या नऊ वर्षांच्या मुलीनं, टिकलीनं, खोक्यासकट घरी आणले. दोन्ही माद्या. पांढरीचं नाव उशी. करडी, कान ताठ ठेवून सगळ्यांवर नजर ठेवणारी, तिचं नाव हेडबाई. हे नाव मुलांनी ठेवलेलं होतं आणि शाळेच्या आवारात ते मोठ्यानं घ्यायची सोय नव्हती.

गुरुवारी थोरल्याच्या स्वयंपाकघरात बैठक बसली. थोरल्यानं, जो चष्म्याचं दुकान चालवतो आणि प्रत्येक गोष्ट काचेआडून बघितल्यासारखी बघतो, तोडगा सुचवला.

"एक महिना आमच्याकडे, एक महिना तुमच्याकडे. आपली पद्धत आहेच."

"थांबा, डॉक्टरांना विचारते," धाकटी म्हणाली आणि तिनं जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावून तो टेबलावर मधोमध ठेवला.

"अजिबात नको," डॉक्टरांचा आवाज आला. "ससा जागेला धरून असतो. सारखी जागा बदलली की खाणं सोडतो. त्याला त्याचे कोपरे माहीत असावे लागतात. माणसं बदलली तर चालेल, जागा बदलू नका."

चौघांनाही ते एका क्षणात पटलं.

"बरोबर आहे," थोरला म्हणाला. "मुकं जनावर. त्याचे हाल कशाला करायचे?"

"आपल्या सोयीसाठी त्याला का नाचवायचं?" धाकटा म्हणाला.

आई कोपऱ्यात मटार सोलत होती. तिचा अंगठा शेंगेतच थांबला. मग तिनं ती शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले आणि पुढची घेतली. खेळघराचं नाव त्यानंतर निघालं, टिकलीनं काढलं, आणि कोणालाच नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

*

अंगठा थांबलेला थोरल्या सुनेनं पाहिला होता.

ती कपडे शिवते. समोरचं माणूस कुठे श्वास रोखतंय हे बघणं तिच्या धंद्यातच आहे. खांदे ताठ झाले की ती ओळखते, बाई पोट आत घेतेय, माप खोटं येणार. गुरुवारपासून तिचं लक्ष कामात नव्हतं. एकशे चौऱ्याऐंशी आणि एकशे एक्याऐंशी हे आकडे तिच्याच तोंडून गेले होते, आणि नऊ वर्षांत तिला त्यांची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

आज ती आणि जाऊ मिळून खिडकीच्या चौकटीला जाळी ठोकत होत्या. आत धाकटा ओणवा होऊन जमीन सारखी करत होता. लिफ्ट दुरुस्तीचं काम करणारा माणूस, अडचणीच्या जागेत वावरायची त्याला सवय. थोरला दारात उभा राहून सूचना देत होता.

"उजवीकडे उंचवटा राहिलाय."

"दादा, आत येऊन दाखव ना."

"मला वाकवत नाही, माहितीये तुला."

"उंटावरून शेळ्या हाकायला मात्र जमतं," धाकटा मातीला म्हणाला.

थोरलीनं जावेच्या हातात खिळे दिले आणि आवाज खाली आणला. "परवा आईंचा हात थांबला. बघितलंस?"

"बघितलं."

"मग?"

"मग काय, ताई." धाकटीनं जाळी ताणून धरली. "मी बोलले तर म्हणतील, हिला सासू जड झाली. आज आमच्याकडे यायच्या आहेत ना. तुम्ही बोललात तर म्हणतील, काढला परत तीन दिवसांचा हिशेब."

"ते मी एकदाच म्हटलं होतं."

"एकदाच म्हटलेलं बरोबर लक्षात राहतं."

थोरलीनं खिळा ठोकला. जावेचा राग आला नाही, उलट बरं वाटलं. निदान दोघींना एकच गोष्ट दिसत होती. बाईचं वय झालं, तिला एका जागी राहू द्यावं, एवढी साधी गोष्ट. पण ती जो बोलेल त्याच्यावरच उलटणार होती, म्हणून दोघी खिडकीला जाळी ठोकत राहिल्या.

जमिनीची जाळी आत गेली तेव्हा अकरा वाजले होते. ससा खणतो, आणि भिंतीच्या कडेनंच खणतो, म्हणून खाली सबंध जाळी, वर वीतभर माती आणि त्यावर गवत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. शनिवारी थोरल्यानं स्वतः मापं घेऊन, चिठ्ठी लिहून, दुकानातून जाळी कापून आणली होती. या कामात दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नव्हता.

"दादा," आतून आवाज आला, "कमी पडतेय."

"पुढे सरकव."

"पुढे सरकवली की मागे कमी पडते. जाळीच ती, रबर नाही."

"किती?"

"इंचभर. रुंदीलाही थोडी कमी आहे."

"दुकानदारानं कमी कापली," थोरला म्हणाला. "तरी मी त्याला दोनदा बजावलं होतं."

"इंचभरानं काय होतंय?" धाकटी म्हणाली. "एका इंचातून ससा जाणार आहे का?"

"ससा जाणार नाही, पण उंदीर वर येईल. आणि काम म्हणजे काम." थोरल्याचा आवाज चढला होता. अचूकपणा हा त्याचा एकुलता एक छंद होता आणि त्यालाच धक्का लागला होता.

थोरलीच्या गळ्यात टेप होतीच. ती वाकून आत शिरली आणि जाळी मापली.

"सात फूट अकरा. चिठ्ठीत काय लिहिलं होतंत?"

"सात अकरा."

"मग त्यानं बरोबर कापली."

"मग काय खेळघर फुगलं?" धाकटा म्हणाला.

तिनं खेळघर मापलं. साठ इंच, तिथे बोट ठेवलं, पुढे छत्तीस. "शहाण्णव. पुरते आठ फूट."

"शक्य नाही," थोरला म्हणाला. "तुझी टेप कापडी आहे. ताणली असेल."

"या टेपवर मी तीस वर्षं लोकांना कपडे घालतेय. अजून कोणी गुदमरलं नाही."

थोरला घरात गेला आणि बाबांची पट्टी घेऊन आला.

*

धाकट्याला ती पट्टी आवडत नसे, हे त्यानं कधी कोणाला सांगितलं नव्हतं. दोन फुटांची पोलादी पट्टी, मऊ कापडात गुंडाळलेली. बाबांच्या मागे आपल्याला ती मिळावी असं त्याला वाटलं होतं, पण मोठा भाऊ मोठा असतो. थोरला ती जपे, तेल लावी, आणि घरात कसलंही माप घ्यायचं झालं की तीच काढी. बाबांची पट्टी खोटं बोलत नाही, हे त्याचं पालुपद. बाबा तिनं नेमकं काय मापत ते दोघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. कारखान्यात त्यांनी मुलांना कधी नेलं नाही.

थोरला गुडघे टेकून, कण्हत, आत आला. भिंतीच्या कडेनं त्यानं पट्टी एकापुढे एक ठेवली. तीन पट्ट्या, आणि चौथीचे तेवीस इंच.

"सात फूट अकरा," तो म्हणाला. "आता बोल."

"दे इकडे." धाकट्यानं पट्टी घेतली, वहिनीच्या टेपशेजारी ठेवली आणि दोन्हींची टोकं जुळवली. मग दुसऱ्या टोकाला डोळा नेला. पट्टी जिथे चोवीस म्हणत होती तिथे टेप सव्वाचोवीस म्हणत होती.

त्यानं ते दोनदा बघितलं. खिशातून स्वतःची कामाची पोलादी टेप काढली आणि तीही लावली. सव्वाचोवीस.

"दोन फुटांना दोन सूत, म्हणजे पाव इंच," तो म्हणाला. "फुटाला एक सूत जास्त. दादा, ही साच्याची पट्टी आहे."

"म्हणजे?"

"लोखंड थंड होताना आकसतं ना. म्हणून साचा तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी आकडेमोड कोण करणार? म्हणून त्यांची पट्टीच मोठी असते. आमच्या कामावर एक म्हातारा फिटर होता, त्यानं सांगितलं होतं. या पट्टीनं साचे करतात. घरं मापत नाहीत."

"बाबांनी खेळघर..."

"खेळघर त्यांनी साध्या पट्टीनं केलं. म्हणून ते आठ फूट आहे."

थोरला मातीत बसला. त्यानं चष्मा काढून पुसला आणि परत लावला. धाकट्याला क्षणभर भावाची कीव आली. काही झालं तरी बाबांचा विषय होता. मग त्याच्या डोक्यात दुसरंच काहीतरी सुरू झालं आणि कीव जागच्या जागी विरली.

"वाटणी कशानं मापली होती आपण?"

सगळ्यांना आठवत होतं. कागदावर रुंदी अठ्ठेचाळीस फूट. थोरल्यानं आपल्या बाजूच्या भिंतीपासून चोवीस फूट मापत आणले होते, बारा वेळा पट्टी ठेवून, मोठ्यानं मोजत. आणि धाकटा रेघ मारायला चुना घेऊन उभा होता. उरलेलं आपलं, असं म्हणून त्यानं आपली बाजू मापलीसुद्धा नव्हती.

"चोवीस फूट, चोवीस सूत," तो म्हणाला. "तीन इंच."

"बाळ, मला काय माहीत होतं..."

"तरीच!" धाकटा उठायला गेला आणि छपराला डोकं आपटलं. "तरीच माझ्या बाथरूमचं दार बेसिनला अडतं. नऊ वर्षं मी पोट आत घेऊन आंघोळीला जातोय. हिला म्हणत होतो, गवंडी गाढव होता."

"मी मुद्दाम केलं असं म्हणतोस?"

"मी कुठे तसं म्हटलं?"

"तुझं तोंड म्हणतंय."

"माझं तोंड जाऊ दे, दादा. प्रत्येक वेळी तुझंच माप, तुझीच पट्टी. मी साधी टेप आणतो म्हटलं होतं तेव्हा. तू म्हणालास, बाबांचा अपमान करतोस."

"मग भिंत पाडतो. उद्याच्या उद्या पाडतो आणि तीन इंच सरकवून बांधतो. बस?"

"बांध. बघतोच मी."

"काका," खिडकीबाहेरून टिकली म्हणाली. तिच्या मांडीवर खोकं होतं आणि खोक्यातून हेडबाईचे कान वर आले होते. "मग ससे आज ठेवायचे की नाही?"

दोघांनीही तिच्याकडे बघितलं नाही. दोघं पन्नाशीच्या आसपासचे पुरुष, गुडघाभर उंचीच्या खिडक्या असलेल्या घरात, मातीत बसून एकमेकांकडे बघत होते. धाकट्याला स्वतःचा राग खरा वाटत होता आणि त्याची शरमही वाटत होती. बायका दाराशी आल्या होत्या. वहिनी काहीतरी बोलणार, असं वाटत असतानाच बाहेरच्या खुर्चीतून आवाज आला.

"मला माहीत होतं."

*

आईला उठायला वेळ लागला. धाकटीनं हात दिला, थोरलीनं दुसरा. ती खेळघराच्या दारापर्यंत आली. आत शिरायचा प्रश्नच नव्हता. तिनं चौकटीवर हात ठेवला आणि मुलांकडे वरून बघितलं. त्यांची उंची आत बसल्यामुळे लहानपणीइतकीच झाली होती.

"काय माहीत होतं?" थोरल्यानं विचारलं.

"ती साच्याची पट्टी आहे ते. तुझे बाबा तिला घरात हात लावू द्यायचे नाहीत. मी एकदा तिनं पडद्यांचं कापड मापलं, तर पडदे जमिनीवर लोळायला लागले. आठ दिवस हसत होते मला." तिनं थोरल्याकडे बघितलं. "वाटणीच्या दिवशी तू कपाटावरून ती काढलीस तेव्हाच बघितलं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही परत मापलं असतं."

"मापलंच असतं. बरोबर मापलं असतं."

"हो. पण मी एकदा बघितलं होतं." आईचा आवाज चढला नाही. "मधल्या खोलीत मी खाटेवर बसले होते. तू आकडे मोजत आलास आणि हा तुझ्यामागून चुन्याची रेघ ओढत आला. रेघ माझ्या खाटेखालून जात होती. तू मला म्हणालास, आई, पाय वर घे. मी घेतले. तुम्ही खालून रेघ नेलीत आणि पुढे गेलात. परत मापलं असतं तर परत पाय वर घ्यावे लागले असते. मला ते जमलं नसतं रे."

थोरल्याला तो दिवस आठवत होता. आकडे आठवत होते, उकाडा आठवत होता. आई खाटेवर होती हे मात्र आठवत नव्हतं, आणि आठवत नाही याचंच त्याला वाईट वाटलं. इतकं की तो भावाकडे बघू शकला नाही.

"आई, चूक माझी," तो म्हणाला. "भिंत हलवतो. त्याचे तीन इंच त्याला देतो."

"भिंत हलवायची तर हलव. मला हलवू नको."

कोणालाच आधी कळलं नाही. मग थोरलीला कळलं आणि तिनं जावेचा हात धरला.

"उद्या एक तारीख," आई म्हणाली. "बॅग भरून ठेवलीये मी. पण मला आता जायचं नाही. तुझ्याकडे काही कमी आहे म्हणून नव्हे, बाळ. पुढच्या महिन्यात तुझ्याकडून निघायचं असतं तरी हेच म्हटलं असतं. जाग आली की मला दिशा सापडत नाही. कपाटालाच बाथरूम समजून उभी राहते. परवा डॉक्टरांनी सशाचं सांगितलं ते तुम्हा सगळ्यांना लगेच पटलं. मला बरं वाटलं ऐकून, की पटतं तुम्हाला."

हे तिनं टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते लागलं. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं मातीचा हात तोंडावरून फिरवला, त्यानं तोंड आणखीच मळलं.

"आधी का नाही सांगितलंस?" तो म्हणाला.

"काय म्हणून सांगू? दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. मी उपाशी नाही राहिले कधी, तुमच्या बायकांनी राहू दिलं नाही. पण एकाकडे राहते म्हटलं की दुसऱ्याला वाटणार, आईनं मला टाकलं."

"मला नाही वाटणार," थोरला म्हणाला.

"मलाही नाही," धाकटा म्हणाला.

दोघंही खोटं बोलत होते. आईनं दोघांना जन्म दिला होता, तिला ते दिसत होतं.

"मी नाव घेणार नाही कोणाचं," ती म्हणाली. "ते तीन इंच कागदावर ह्याचे आहेत आणि राहिले तुझ्याकडे. म्हणजे नीट बघितलं तर अजून कोणाचेच नाहीत. ते मला द्या."

"तीन इंचांत तू काय करणार, आई?"

"दार. मधल्या खोलीच्या भिंतीला. ती त्याच तीन इंचांवर उभी आहे. माझी खाट होती तिथेच परत टाका, मग ती भिंतीच्या कुठल्या बाजूला येईल ते माझ्यावर सोडा. दार असलं की ज्याला यायचं तो येईल."

थोरल्याच्या बाजूला त्या अर्ध्या खोलीत शिलाईचं मशीन होतं. धाकट्याच्या बाजूला अडगळ. आपलं मशीन कुठे हलवता येईल याचा थोरली मनातल्या मनात विचार करू लागली होती, पण ती बोलली नाही. ही वेळ सुनांनी बोलायची नव्हती. मुलांनीच हो म्हणायला हवं होतं, आणि मुलं मातीकडे बघत होती. भिंत बांधायला त्यांना एक दिवस पुरला होता. तिच्यात भोक पाडायचं म्हणजे नऊ वर्षं आपण जे बरोबर म्हणत आलो ते चुकलं असं म्हणणं होतं, आणि तेही एकमेकांसमोर.

"बघू," अखेर थोरला म्हणाला.

आईनं मान हलवली आणि ती खुर्चीकडे परत गेली.

मग काम तेवढं उरलं, आणि सगळ्यांना कामाचाच आधार वाटला. थोरलीनं खिडकीच्या जाळीच्या उरलेल्या तुकड्यातून दोन पट्ट्या कापल्या, एक लांबीला, एक रुंदीला. धाकट्यानं त्या तारेनं जाळीला शिवल्या. थोरला, न कण्हता, आत बसून तारेची टोकं पक्कडीनं आत वळवत राहिला, सशाच्या पायाला लागू नयेत म्हणून. दोघं कोपराला कोपर लावून काम करत होते आणि बोलायचं ते फक्त तारेबद्दल बोलत होते. "इथे धर." "सोड." "अजून एक वेढा दे." माती पसरली, गवत पसरलं. लपायला एक फळ्यांचं खोकं उपडं घातलं, त्याला दोन तोंडं, कारण डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे सशाला निसटायला दुसरी वाट लागते.

दुपारी दोन वाजता टिकलीनं खोकं आत नेऊन आडवं केलं. उशी लगेच बाहेर आली आणि जागच्या जागी गवत खायला लागली. हेडबाई बराच वेळ आलीच नाही. मग आली, आणि भिंतीच्या कडेनं निघाली. एका कोपऱ्यात थांबली, नाक हलवलं. दुसऱ्या कोपऱ्यात थांबली. शाळेची तपासणी करावी तशी तिनं चारही कोपऱ्यांची तपासणी केली आणि परत पहिल्याशी आली.

"आता ती खाईल का?" टिकलीनं विचारलं.

"खाईल," आई खुर्चीतून म्हणाली. "वेळ लागतो."

थोरला आणि धाकटा हात धुवायला गेले होते, अंगणातल्या नळावर. तिथेच ते बराच वेळ उभे राहिले. नळ बंद झाला तरी उभे राहिले. काय बोलले ते बायकांना ऐकू आलं नाही. थोरला भिंतीकडे बोट दाखवत होता, धाकटा मान हलवत होता, मग धाकटा काहीतरी म्हणाला आणि थोरला चक्क हसला. आईनं तिकडे बघायचं टाळलं. तिचं सगळं लक्ष हेडबाईवर होतं, म्हणजे तसं दाखवत होती. तिचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट होते.

धाकटा आला आणि तिच्या खुर्चीशी उकिडवा बसला. थोरला मागे उभा राहिला, ओले हात सदऱ्याला पुसत.

"दार किती रुंद हवं, आई?" धाकट्यानं विचारलं.

आईनं आधी थोरल्याच्या तोंडाकडे बघितलं, मग धाकट्याच्या.

"ताट घेऊन माणूस जाईल एवढं," ती म्हणाली. "दोन्ही हातांत ताट धरून."